पायाच्या नखाची बुरशी: घरी काय करून बघावं, किती दिवस, आणि कुठे थांबावं

पायाच्या नखाला लागलेली बुरशी घरगुती उपायांनी जाते का? पूर्णपणे अशी क्वचितच. अंगठ्याचं नख टोकाकडून थोडंसंच पिवळं पडलंय, बाकीची नखं ठणठणीत आहेत, शुगरचा त्रास नाही, असं असेल तर तीन महिने घरी प्रयत्न करायला हरकत नाही. पण नख मुळापर्यंत पिवळं झालं असेल, जाड होऊन बुटात दुखत असेल किंवा तीन-चार नखांत पसरलं असेल, तर विक्स, व्हिनेगर, हळद, लसूण यातल्या कशाच्याही भरवशावर राहू नका. त्यात जातो तो फक्त वेळ, आणि तेवढ्यात बुरशी शेजारच्या नखात जाते.

सांगलीत औषधाचं दुकान चालवत असल्यामुळे पावसाळा सरत आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. उसाला दारं धरणारे शेतकरी येतात, गोठ्यात दिवसभर ओल्यात वावरणाऱ्या बायका येतात, बारा-बारा तास बंद बुटात उभे असणारे वॉचमन येतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर घरातला गाळ उपसून पायांची पार वाट लागलेली माणसं रोज दिसायची. काउंटरवर मोबाइलमध्ये अंगठ्याचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "नखावर लावायला कायतरी द्या, लई दिवस झालं असंच हाय." बहुतेकांचे दोन-तीन उपाय करून झालेले असतात. त्यांना काउंटरवर घाईघाईत जे सांगतो, ते इथे सवडीनं आणि क्रमानं लिहितोय.

आधी ती बुरशीच आहे का ते बघा

इथेच निम्मा घोळ होतो. खराब दिसणाऱ्या पायाच्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते. बाकीच्यांचं कारण जुनी ठेच, घट्ट बूट, सोरायसिस, वाढतं वय किंवा दुसरा एखादा त्वचेचा आजार असतो. त्या नखांवर वर्षभर विक्स चोळलं काय आणि महागडं औषध लावलं काय, फरक पडणारच नाही.

बुरशी बहुतेक वेळा नखाच्या टोकाकडून किंवा एका कोपऱ्यातून सुरू होते आणि हळूहळू मुळाकडे सरकते. रंग पिवळट, पांढरट किंवा तपकिरी होतो. नख खालच्या मांसापासून सुटतं आणि त्या पोकळीत भुसभुशीत चुरा साठतो. नख जाड होतं, कापताना तुकडे पडतात, कधी वासही येतो. आणखी एक खूण लोक बघतच नाहीत, ती म्हणजे पायाची बाकीची कातडी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतील किंवा तळव्यावर बारीक कोरडा कोंडा सुटत असेल, तर नखातही बुरशी असण्याची शक्यता वाढते. बुरशी बहुधा आधी कातडीला लागते आणि तिथून नखात शिरते. ही बहुतेक वेळा गजकर्णाच्याच जातीची असते. ट्रायकोफायटॉन रुब्रम हे तिच्यातलं सगळ्यात जास्त आढळणारं नाव.

आता बुरशीसारखं दिसणारं, पण बुरशी नसलेलं काय काय असतं ते पाहू. ठेच लागून काळंनिळं झालेलं नख दर महिन्याला थोडं पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या पोरांच्या अंगठ्यांना हे नेहमी होतं, कारण उतारावर धावताना बोट बुटाच्या पुढच्या बाजूला आदळत राहतं. सोरायसिसमध्ये हाताच्या नखांवरही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कोपरांवर, डोक्यात चट्टे असू शकतात. महिनोन्महिने गडद नेलपेंट लावलं की वरचा थर पिवळा पडतो. नख हिरवट झालं असेल तर तिथे बहुधा जिवाणू असतात. हातापायांची सगळी नखं एकदमच बिघडली असतील, तर बुरशीची शक्यता कमी धरायची.

एका गोष्टीसाठी मात्र थांबायचं नाही. नखात मुळापासून टोकापर्यंत काळा किंवा तपकिरी उभा पट्टा आला असेल, तो रुंद होत असेल किंवा तो रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरत असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हा क्वचित त्वचेचा कर्करोग असू शकतो. ठेचेचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकून निघून जातो, हा पट्टा जात नाही.

कोणी घरी हात लावू नये

मधुमेह असलेल्यांनी हा लेख आपल्यासाठी इथेच संपला असं समजावं आणि डॉक्टरांकडे जावं. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक मनावर घेत नाहीत. शुगरमुळे पायाची जाणीव कमी होते. पाणी किती गरम आहे ते कळत नाही, कानस मांसाला लागली तरी कळत नाही. बारीकशी जखम चिघळते आणि पुढे पूर्ण पाय सुजतो. नखाच्या बुरशीपेक्षा ती जखम फार महागात पडते.

पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, किडनी बदललेले, एचआयव्ही असलेले किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांनीही घरी प्रयोग करू नयेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत नख कधीकधी टोकाऐवजी मुळाकडून पांढरं पडायला लागतं, ते लगेच दाखवायचं. लहान मुलांच्या नखांना बुरशी कमीच होते, म्हणून मुलाचं नख बिघडलं तर आधी निदान करून घ्या. नखाच्या कडेला लाली, ठणका, पू असेल तर ते नखुरडं आहे, त्याचा उपचार वेगळा.

एक साधी तपासणी

नखाखालचा चुरा खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघतात. हिला केओएच तपासणी म्हणतात. गरज वाटली तर कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात, त्याला तीन-चार आठवडे लागतात, पण बुरशी नेमकी कोणती ते कळतं. कापलेल्या नखाचा तुकडा पॅथॉलॉजीत रंगवूनही बघता येतो. त्वचारोगतज्ज्ञ हे सगळं सांगतात. खासगीत जायचं नसेल तर मिरजेचं सिव्हिल आहेच.

तपासणीला जायच्या आधी दोन आठवडे नखावर काही लावू नका आणि नेलपेंट काढून जा. लावलेल्या औषधामुळे नमुन्यात बुरशी सापडत नाही आणि रिपोर्ट 'नाही' असा येतो. चुरा नखाच्या सुट्या टोकापेक्षा आतल्या भागातून, म्हणजे चांगलं आणि खराब नख जिथे भेटतं तिथून घेतलेला बरा, कारण जिवंत बुरशी तिथे असते. एकदा रिपोर्ट 'नाही' आला आणि लक्षणं मात्र सगळी बुरशीचीच असली, तर डॉक्टर पुन्हा नमुना मागतात. त्याला कंटाळू नका.

औषध मारतं, पण पोचत नाही

व्हिनेगर, टी ट्री ऑइल, लसूण, कडुलिंब, हळद, हे सगळं प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशीची वाढ रोखतं. त्याच्याच बातम्या होतात आणि व्हॉट्सॲपवर फिरतात. पण बशीत बुरशी उघडी असते. पायात ती केराटिनच्या, म्हणजे नख ज्याचं बनतं त्या प्रथिनाच्या टणक थराखाली, नख आणि मांसाच्या मधे बसलेली असते. वरून लावलेलं बहुतेक सगळं वरच राहतं. त्यामुळे अमुक वस्तू बुरशी मारते का, हे विचारण्याआधी ती तिथपर्यंत जाते का, हे विचारायला हवं.

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगायला मला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. डाऊनी (द्राक्षाच्या पानांवर पडणारा रोग) पानाच्या आत शिरल्यावर नुसतं स्पर्शजन्य, म्हणजे वरवर बसणारं बुरशीनाशक मारून भागत नाही, आंतरप्रवाही, म्हणजे आत शिरणारं लागतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि डाऊनीनं जळालेलं पान परत हिरवं होत नाही, नवी फूट स्वच्छ आली की बाग सावरली म्हणायची, हेही. नखाचं तसंच आहे. बिघडलेला भाग दुरुस्त होत नाही. मुळातून स्वच्छ नख येऊन तो भाग पुढे ढकलला जातो आणि आपण तो कापून टाकतो. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, वय वाढलं की त्याहूनही हळू. अंगठ्याचं पूर्ण नख नव्यानं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. "पंधरा दिवसांत नख साफ" असं कोणी सांगितलं, तर त्याला हे गणित विचारा.

(हे ऐकून त्यानं बागेतलंच बुरशीनाशक नखाला लावू का असं विचारलं. नाही. फवारणीची औषधं माणसाच्या कातडीसाठी बनवलेली नसतात. मोरचूदही नको.)

नख तयार करणं

घरी कुठलाही उपाय करा, ही पायरी वगळली तर तो वाया गेला. माझ्या मते घरगुती उपायांतला खरा उपयोगी भाग हाच आहे, आणि लोक नेमका हाच सोडतात, कारण यात बाटली उघडण्याची मजा नाही.

पंधरा दिवसांतून एकदा, आंघोळीनंतर किंवा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून नख मऊ करा. पाणी कोमटच हवं. पाय टिपून घ्या, बोटांच्या बेचक्यासकट. खाली जुना पेपर पसरा.

पायाच्या नखांसाठीचा मोठा नेलकटर वापरा. हाताचा छोटा कटर जाड नखाला चावतो आणि नख चिरतं. नख आडवं सरळ कापा, कोपरे खोल गोलाकार काढू नका, नाहीतर नख मांसात घुसतं. जो भाग मांसापासून सुटून नुसता लोंबतोय, तेवढाच कापा. दुखायला लागलं की तिथे थांबा. खालचा चुरा काढायला सुई, टाचणी किंवा ब्लेड आत घालायचं नाही. तिथे जखम झाली की जिवाणू आत जातात आणि बुरशीसाठीही नवी वाट तयार होते. मऊ टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात जेवढा चुरा निघेल तेवढाच काढा, आणि तो ब्रश त्याच कामासाठी ठेवा.

मग नख वरून घासून पातळ करायचं. कागदाची, दोन्ही बाजूंनी खरखरीत नेल फाइल पुरते, ती स्वस्त असते. एकाच दिशेनं, हलक्या हातानं, खराब भागावरूनच घासा. पांढरी पूड पडते. ती फुंकू नका, पंखा बंद ठेवा, तोंडाला मास्क असला तर उत्तम. नख गरम वाटायला लागलं किंवा खालचा गुलाबी रंग दिसायला लागला की बास. सगळं एका बैठकीत उरकायचं नाही, दर वेळी थोडं थोडं. पेपर गुंडाळून कचऱ्यात टाका, हात साबणानं धुवा. कागदी फाइल निर्जंतुक होत नाही, म्हणून टाकून द्या किंवा निदान त्या एका नखासाठीच राखून ठेवा. आजारी नख घासलेली फाइल चांगल्या नखाला लावली तर बुरशी आपण स्वतःच पेरली. नेलकटर स्पिरिटनं पुसा. घरात सगळ्यांचा मिळून एकच कटर असेल, तर आजपासून तुमचा वेगळा.

नख फारच जाड असेल तर ४० टक्के युरियाचं मलम कामी येतं. ते खराब नखावर लावून वर पट्टी बांधायची, आजूबाजूच्या कातडीवर आधी व्हॅसलीन लावून ती वाचवायची. आठ-पंधरा दिवसांत नख मऊ होतं आणि घासणं सोपं जातं. युरिया स्वतः बुरशी मारत नाही, फक्त वाट मोकळी करतो. खेड्यात कधीकधी पूर्ण नखच ओढून काढतात, त्याचा फायदा नाही. बुरशी खालच्या मांसाच्या थरावरही असते, औषध चालू नसेल तर नवं नखही तसंच येतं.

आता एकेक उपाय

विक्सपासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दल निदान थोडं काही तपासलेलं आहे. त्यात कापूर, मेन्थॉल म्हणजे पुदिन्याचं सत्त्व, निलगिरी आणि ओव्याचं फूल असतं. आपल्या जुन्या अमृतधारेतलीच ही मंडळी. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ जणांनी ४८ आठवडे ते नखावर लावलं. ५ जणांचं नख साफ झालं, १० जणांत थोडा फरक पडला, ३ जणांत काहीच नाही. हे आकडे ऐकायला बरे वाटतात. पण माणसं फक्त १८, आणि काहीच न लावणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. लावायचंच असेल तर रोज रात्री पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, इअरबडनं नखावर आणि सुट्या टोकाखाली पातळ थर द्या. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, कापूर पोटात गेला तर विषारी असतो.

टी ट्री ऑइल. १९९४ च्या एका अभ्यासात ११७ जणांना सहा महिने दिवसातून दोनदा एकतर शंभर टक्के टी ट्री ऑइल किंवा १ टक्का क्लोट्रिमाझोल (वरून लावायचं बुरशीनाशक औषध) दिलं. कल्चरमध्ये बुरशी गेलेली दिसली ती तेलवाल्यांपैकी १८ टक्के लोकांत आणि क्लोट्रिमाझोलवाल्यांपैकी ११ टक्के लोकांत. दिसायला मात्र दोन्हीकडे साधारण ६० टक्के लोकांचं नख थोडंफार सुधारलं. हे तेल क्लोट्रिमाझोलच्या तोडीचं आहे असं यावरून सांगितलं जातं. खरं तर नखासाठी क्लोट्रिमाझोलच दुबळं, त्याच्या बरोबरीला बसण्यात मोठेपणा नाही. आणि दोन्ही गटांची नखं मधूनमधून खरवडून साफ केली होती, म्हणजे सुधारणेचं बरंचसं श्रेय त्या साफसफाईला जाऊ शकतं. हे तेल काहींच्या कातडीला झोंबतं, पुरळ उठतं. आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर बघा. पोटात घ्यायचं तर मुळीच नाही.

व्हिनेगर. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी, त्यात पंधरा-वीस मिनिटं पाय, हा सगळीकडचा सल्ला. पायाचा वास कमी होतो, नख थोडं मऊ पडतं. नखाची बुरशी त्यानं बरी झाल्याचा धड पुरावा नाही. तसंच्या तसं व्हिनेगर कापसावर घेऊन रात्रभर बांधू नका, कातडी भाजते. खायचा सोडा आणि मीठ-पाणी यांचीही तीच गत, फक्त ते भाजत नाहीत.

हळद. सांगलीत राहून हळदीविरुद्ध लिहायचं म्हणजे मार्केट यार्डातून मान खाली घालून जायची तयारी हवी. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद स्वयंपाकात आणि लग्नात जिथे आहे तिथे शोभते. नखावर ती एक अडचण करून ठेवते: आधीच पिवळं नख आणखी पिवळं होतं आणि बुरशी कमी होतेय की वाढतेय ते कळेनासं होतं. मेंदीचंही हेच. चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्याला माझी ना नाही, पण नखावर रंग चढला की बघणारे डॉक्टरसुद्धा चकतात.

कडुलिंबाचं तेल आणि खोबरेल आजूबाजूच्या कातडीच्या भेगांसाठी चांगलं. नखाच्या आत त्यांचं काही चालत नाही.

लसूण मात्र खरोखर त्रास देतो. एक मावशी पाकळ्या ठेचून रात्रभर फडक्यानं बांधून आल्या होत्या. नख जसंच्या तसं होतं, अंगठ्याच्या कडेला मात्र पाणी भरलेला टपोरा फोड. कच्च्या लसणानं कातडी रसायनासारखी भाजते. बिब्ब्याचं तर विचारूच नका, उतला तर पूर्ण पाऊल सुजतं. चुना, रॉकेल, ब्लीचिंग पावडरचं पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही नखाला लावू नका.

तुम्ही विचाराल, मग यातलं निवडायचं काय? घरी प्रयत्न करायचाच तर नियमित घासणं आणि त्यावर विक्स किंवा टी ट्री ऑइल, दोन्हींपैकी एक. दोन-तीन उपाय एकदम करू नका, पुरळ उठलं तर कशानं ते समजणार नाही.

चिखल्या आणि बूट यांचाही बंदोबस्त

नखावर कितीही मेहनत घ्या, बेचक्यात बुरशी तशीच असेल तर ती परत नखात येणार. चिखल्यांवर १ टक्का टर्बिनाफिनचं मलम साधारण एक ते दोन आठवडे, किंवा क्लोट्रिमाझोल साधारण चार आठवडे लावतात. खाज थांबली की चौथ्या दिवशी ट्यूब फेकून द्यायची नाही, ठरलेले दिवस पूर्ण करा.

ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. अशा 'चार औषधं एकत्र' ट्यूबनं खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. आपल्या देशात गजकर्ण हट्टी होण्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे. टर्बिनाफिनलाही दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी भारतात पसरली आहे. दुकानदार असून सांगतो, दुकानदारानं आपल्या मनानं दिलेली अशी ट्यूब घेऊ नका.

दारं धरताना गमबूट घालत असाल तर आत पाणी गेलं की काढून ओता, घरी आल्यावर उलटे करून उन्हात ठेवा. ऑफिसचे बूट एक दिवसाआड घाला, म्हणजे आतला घाम सुकायला चोवीस तास मिळतात. सुती मोजे रोज बदला आणि ६० अंशांच्या आसपासच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवा. नुसत्या थंड पाण्यात खळबळून बुरशीचे बीजाणू मरत नाहीत. बुटात बुरशीनाशक पावडर टाका. घरात एकमेकांच्या चपला घालणं बंद, आणि पायपुसणं आठवड्याला उन्हात.

तीन महिन्यांनी पट्टी लावून बघा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि आशेनं बघणाऱ्याला नसलेला फरक दिसतो. पहिल्या दिवशी, नख घासण्याच्या आधी, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा. शेजारी शाळेची पट्टी ठेवा, मिलिमीटरच्या रेघा दिसू द्या. नखाच्या मुळापासून खराब भाग सुरू होतो तिथपर्यंत किती मिलिमीटर स्वच्छ नख आहे, ते लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच कोनातून फोटो.

तीन महिन्यांत तो स्वच्छ भाग तीन-चार मिलिमीटरनं वाढला असेल तर उपाय चालू ठेवा, अजून वर्षभर लागेल याची तयारी ठेवून. टोकाकडचं नख अजून पिवळं आहे म्हणून घाबरू नका, ते कापलं जाईपर्यंत पिवळंच राहणार. स्वच्छ भाग तेवढाच राहिला किंवा कमी झाला, शेजारचं बोट बिघडलं, दुखायला लागलं, तर घरचा प्रयोग संपला. "अजून दोन महिने बघू" यात कित्येकांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं

नख अर्ध्याहून कमी बिघडलं असेल आणि बुरशी मुळापर्यंत गेली नसेल, तर आधी लावायचं लॅकर देतात. अमोरोल्फिन ५ टक्के आठवड्यातून एक-दोनदा, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. दिसायला नेलपेंटसारखं, सुकलं की थर बसतो. याचाही पल्ला मर्यादित आहे: एकट्या सायक्लोपिरॉक्सनं वर्षभरात नख पूर्ण बरं होणाऱ्यांचं प्रमाण चाचण्यांत दहा टक्क्यांच्याही खाली होतं. औषध कंपनीनं नखासाठीच बनवलेल्या लॅकरची ही कथा, तर स्वयंपाकघरातल्या बाटलीकडून किती अपेक्षा करायची ते तुम्हीच ठरवा.

गोळ्या रक्तातून नखाच्या मुळापर्यंत आणि खालच्या थरापर्यंत जातात, म्हणून त्यांचा गुण जास्त. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, पायाच्या नखांसाठी १२ आठवडे, हा नेहमीचा कोर्स. साधारण ७० टक्के लोकांच्या नखातून बुरशी जाते. नख अगदी पहिल्यासारखं दिसायला लागणारे त्याहून बरेच कमी. इट्राकोनाझोल महिन्यातला एक आठवडा, असं तीन महिनेही देतात. गोळ्या संपल्या तेव्हा नख अजून अर्धं पिवळं असतं, आणि लोक भांडायला येतात. औषध नखात पुढे कित्येक महिने टिकून काम करत असतं, निकाल वर्षानं बघायचा.

या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागू नका. टर्बिनाफिनआधी यकृताची रक्ततपासणी करून घेतात. क्वचित यकृताला त्रास होतो, काहींच्या तोंडाची चव काही आठवडे जाते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. इट्राकोनाझोल हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरतं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, मानसिक आजार, ज्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या. नावं पाठ नसतात, आणि "ती पांढरी छोटी गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर आधीच सांगा, गोळ्यांचा कोर्स पुढे ढकलता येतो.

नख बरं झाल्यावर

ही बुरशी परत येते. बऱ्या झालेल्यांपैकी चार-पाचांत एकाला तरी, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त. जुने, आतून कुजलेले बूट आणि स्पंजच्या चपला टाकून द्या. उपचाराच्या काळातली फाइल तर नक्कीच. पावसाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आठवड्यातून एक-दोनदा बेचक्यात बुरशीनाशक मलम किंवा पावडर लावत राहा. पार्लरमध्ये पेडिक्युअर करत असाल तर स्वतःचा कटर आणि फाइल घेऊन जा, लाजू नका. घरात आणखी कुणाच्या पायाला चिखल्या किंवा पिवळं नख असेल तर त्यांचाही उपचार सोबतच करा, कारण बाथरूम सगळ्यांची एकच असते. आणि महिन्यातून एकदा नखं कापताना दहाही बोटं उजेडात धरून बघा. कोपऱ्यात पिवळा ठिपका दिसला की तेव्हाच फोटो काढून शेजारी पट्टी लावा.